रुळणं: रोह्याहून केंब्रिजला

रोह्याला रेल्वेचे रूळ आले १९८६ मध्ये. त्याच्या एकाहत्तर वर्षं आधी, १९१५ मध्ये, रोह्यात वाढलेला एकोणीस वर्षांचा एक मुलगा केंब्रिजला शिकायला गेला आणि तिथे रुळलासुद्धा.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. आमच्याकडे शाळेच्या भाषणांत त्यांचं नाव हमखास येतं. जन्म महाडजवळच्या नाते गावी, १४ जानेवारी १८९६. वडील रोह्यात वकील. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिज. मग आयसीएसला पहिले. भाषण करणारा ‘केंब्रिज’ म्हणतो आणि लगेच पुढे जातो. जसं काही रोह्याहून केंब्रिज म्हणजे रोह्याहून कोलाड.

मला अडकायला होतं ते नेमकं तिथे. मी पेणची, आजोळ रोह्याचं. काही वर्षांपूर्वी एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून जर्मनीतल्या एका छोट्या गावात एक सत्र काढून आले. व्हॉट्सअ‍ॅप होतं, गूगल मॅप्स होतं, आई रोज व्हिडिओ कॉलवर ‘जेवलीस का’ विचारत होती. तरी पहिले सहा आठवडे मी खोलीत दार लावून जेवत होते. खाली सामायिक स्वयंपाकघर होतं, पण तिथे हसण्याचे आवाज यायचे, आणि सगळे कशाला हसतायत ते कळायचं नाही. तेव्हापासून परदेशी शिकलेल्या कुठल्याही थोर माणसाचं चरित्र हातात आलं की मी पदव्यांची पानं उलटते आणि शोधते: हा माणूस पहिल्या हिवाळ्यात जेवला कुठे, कुणाबरोबर?

१९१५ मध्ये रोह्याहून मुंबईला जायचं म्हणजेच पाणी ओलांडणं होतं. नागोठण्याहून, धरमतरहून बोटी मुंबईला जात. मुंबई-गोवा रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल आपण आज जेवढं बोलतो, तेवढंच तेव्हा भरती-ओहोटीबद्दल बोललं जात असणार. त्यामुळे देशमुखांसारख्या मुलाचा पहिला परदेश मुंबई हाच होता. विलायत दुसरा.

आणि विलायतेला जायची ती वेळ भयंकर होती. पहिलं महायुद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. कागदपत्रांचा जाच आजच्यापेक्षा कमी होता, हे खरं. हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा आला तोच १९२० मध्ये. आपण व्हिसाच्या फाइलीत बँकेची पत्रं लावत बसतो. त्यांच्यापुढे प्रश्न होता बोट पोहोचेल का, हा. ३० डिसेंबर १९१५ रोजी ‘पर्शिया’ नावाची, मुंबईकडे येणारी पी अँड ओ कंपनीची प्रवासी बोट क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, डॉ. आंबेडकरांना शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं, तेव्हा ते स्वतः सुखरूप पोहोचले, पण त्यांची पुस्तकं ज्या बोटीत होती ती बोट बुडाली. याच काळात कोकणातली आणि घाटावरची कितीतरी मुलं मराठा पलटणींतून मेसोपोटेमियाला जात होती. तीही याच समुद्रातून. त्यांच्यापैकी अनेक जण कूतच्या वेढ्यात सापडले. एकाच वर्षी, एकाच बंदरातून, एकाच साम्राज्याच्या बोटी. कुणाच्या ट्रंकेत पुस्तकं, कुणाच्या खांद्यावर बंदूक.

देशमुख पोहोचले ते केंब्रिज पोस्टकार्डावरचं नव्हतं. युद्धाआधी तिथे तीन हजारांहून जास्त विद्यार्थी होते; १९१६ च्या उन्हाळ्यापर्यंत जेमतेम सहाशेच्या आसपास उरले. बाकीचे खंदकांत. कॉलेजांच्या खोल्यांत शिकाऊ लष्करी अधिकारी राहत होते. क्रिकेटच्या मैदानावर मोठं लष्करी रुग्णालय उभं होतं. तिथल्या वॉर्डांची एक बाजू मुद्दाम उघडी ठेवलेली असे, मोकळ्या हवेने जखमा लवकर भरतात म्हणून. इंग्लंडच्या हिवाळ्यात! विमानहल्ल्यांच्या धास्तीने रस्त्यांवरचे दिवे मंद केलेले.

ज्यांच्याकडे बघून नवखा विद्यार्थी चालीरीती शिकतो, ती पोरंच जागेवर नव्हती. सुरीकाटा कसा धरायचा, गाऊन कधी घालायचा, रात्री फाटक बंद व्हायच्या आत कसं परतायचं, प्राध्यापकाला नमस्कार करायचा की नुसती मान हलवायची, हे सगळं कुणाकडे तरी बघूनच कळतं. आणि सैन्यात जायच्या वयाचा एखादा तरुण रस्त्यावर धडधाकट फिरताना दिसला की लोक वळून बघत. भारतीय विद्यार्थ्याकडे तर दोनदा बघत. गंमत अशी की विद्यापीठाच्या ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरमध्ये भारतीयांना घेतच नसत. साम्राज्यासाठी मरायला पंजाबातून आणि दख्खनमधून माणसं चालत होती, पण केंब्रिजच्या मैदानावर कवायत करायला भारतीय विद्यार्थी चालत नव्हता. युद्ध संपल्यावर सुभाषचंद्र बोस तिथे शिकायला गेले, तेव्हाही हा मज्जाव कायम होता. त्याविरुद्ध दाद मागायला ते थेट इंडिया ऑफिसपर्यंत गेले.

संशय आधीपासूनच होता. १९०९ च्या जुलैमध्ये मदनलाल धिंग्राने लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी इंडिया ऑफिसने भारतीय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र खातं उघडलं. नावाला सल्ला आणि मदत. विद्यार्थ्यांना वाटायचं की ही पाळतच आहे, आणि त्यांच्या वाटण्यात तथ्य होतं. अनेक कॉलेजं भारतीयांची संख्या बोटांवर मोजण्याइतकीच ठेवत. भारतीय मुलांचं स्वतःचं म्हणावं असं एक ठिकाण होतं: १८९१ मध्ये सुरू झालेली ‘केंब्रिज मजलिस’ ही वादसभा. तिथे बंगाली, पंजाबी, मद्रासी, मराठी मुलं इंग्रजीतून भांडायची. ‘इंडियन’ होणं ही गोष्ट यांतल्या बऱ्याच जणांना तिथेच शिकावी लागली असणार. मलाही जर्मनीत गेल्यावर कळलं की मी पेणची नसून ‘इंडियन’ आहे आणि मला बॉलिवूडमधलं सगळं माहीत असणं अपेक्षित आहे.

देशमुख जीझस कॉलेजात होते. तिथून दहा मिनिटं चाललं की ट्रिनिटी कॉलेज. तिथे त्याच वर्षांत श्रीनिवास रामानुजन राहत होते, १९१४ च्या एप्रिलमध्ये मद्रासहून आलेले. प्रशांतचंद्र महालनोबिस तेव्हा किंग्ज कॉलेजात होते. त्यांनी सांगितलेली एक आठवण मला विसरता येत नाही. रामानुजनना रात्री थंडी वाजते म्हणून ते त्यांच्या खोलीत बघायला गेले, तर अंथरुणावर पांघरुणं नीट खोचून ठेवलेली आणि रामानुजन त्यांच्या वर, ओव्हरकोट घालून झोपत होते. त्या पांघरुणांच्या आत शिरायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. महालनोबिसांनी करून दाखवलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक, आणि कित्येक रात्री गारठत काढलेल्या, कारण बिछान्यात कसं शिरायचं हे दाखवणारं कुणी नव्हतं.

रामानुजन कट्टर शाकाहारी. कॉलेजच्या भोजनगृहात ते जेवू शकत नसत; खोलीतच काहीतरी शिजवून खायचे, तेही वेळीअवेळी. युद्धामुळे भाजी-फळांची टंचाई. १९१७ मध्ये ते आजारी पडले ते नीट बरे झालेच नाहीत. १९१८ च्या सुरुवातीला लंडनच्या भुयारी रेल्वेपुढे त्यांनी स्वतःला झोकून दिलं. गाडी थांबवता आली म्हणून वाचले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९१९ मध्ये परत आले, १९२० च्या एप्रिलमध्ये गेले. वय बत्तीस.

एकाच गावात, त्याच काळात, देशमुख मात्र दोन वर्षांत नॅचरल सायन्सेस ट्रायपॉस पुरी करतात, वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवतात आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिले येतात. (युद्धामुळे स्पर्धा कमी होती, असं कुणीतरी म्हणतंच. असेल. १९१२ च्या मॅट्रिकला तर युद्ध नव्हतं ना?) यावरून एक कणखर आणि दुसरा हळवा, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. मला तो मान्य नाही.

फरक माझ्या मते दोन साध्या गोष्टींत होता. पहिली ताटातली. देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. या समाजात मासे-मटण सणासुदीलासुद्धा होतं. इंग्लंडचं उकडलेलं, बेचव जेवण त्यांना आवडलं असेल असं नाही, पण ते समोर आल्यावर उठून जायची धर्माची सक्ती नव्हती. रोज संध्याकाळी शंभर वर्षांच्या लाकडी टेबलाशी दहा जणांत बसून खाणारा आणि दार लावून खोलीत खाणारा, यांचं इंग्रजी वर्षअखेर सारखं राहत नाही. दुसरी गोष्ट बाकाची. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र हे देशमुखांचे विषय. यांत प्रयोगशाळा असतात. शेजारचा काडेपेटी मागतो, सूक्ष्मदर्शकाची काच मागतो, पान कापताना ब्लेड बोटाला लागलं की चिंधी देतो. मैत्री करायची म्हणून कुणी करत नाही. हाताला काम असतं आणि ती होते. रामानुजनांचं काम मात्र एकट्याने कागदावर, किंवा हार्डींबरोबर. हार्डी मोठे मनाचे होते, पण ‘काय जेवलास’ हे विचारणारे नव्हते.

वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख तेव्हा अल्बर्ट सेवर्ड होते, जीवाश्म वनस्पतींचे मोठे अभ्यासक. त्यांच्याच हाताखाली बिरबल साहनी काम करत होते. पुढे दोघांनी मिळून भारतातल्या गोंडवन काळातल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. म्हणजे कुंडलिकेच्या काठच्या मुलाला केंब्रिजात ज्या विभागात शिकायला मिळालं, तिथे भारतातल्या दगडांतली पानं टेबलावर मांडलेली होती. आणखी एक जुळणी आहे, जी मला फार आवडते. जवाहरलाल नेहरूंनी १९१० मध्ये केंब्रिजची पदवी घेतली ती याच तीन विषयांत. १९५० ते ५६ या काळात भारताचे पंतप्रधान आणि अर्थमंत्री असे दोघेही फुलांचे परागकोश मोजायला शिकलेले होते.

रायगड जिल्ह्याशी नातं असलेली याच्या आधीची एक विद्यार्थिनी आहे, आणि तिची गोष्ट मी ताटाच्या याच मापाने वाचते. आनंदीबाई जोशी लहानपणी काही काळ अलिबागला होत्या. गोपाळराव तिथल्या पोस्टात होते. १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई एकट्या अमेरिकेला गेल्या. नऊवारीत पाय उघडे राहतात, बर्फात ते चालत नाही, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. एवढी एक तडजोड. जेवण शाकाहारीच. आनंदीबाईंना रामानुजनांपेक्षा एक गोष्ट जास्त मिळाली: न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत, त्यांच्या घरात घरच्यासारख्या राहिल्या. शरीर तरी थंडीपुढे टिकलं नाही. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या, वर्षाच्या आत पुण्यात क्षयाने गेल्या. पण त्यांच्या पत्रांत एकटेपणाच्या बरोबरीने घरही आहे, माणसं आहेत. कार्पेंटरबाईंनी नंतर त्यांची रक्षा आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. ती तिथे, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आहे.

पेणचे लोक इथे म्हणतील, आमचा माणूस कुठे? आमचा माणूस गेलाच नाही. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म ११ सप्टेंबर १८९५, म्हणजे देशमुखांहून चार महिन्यांनी मोठे. देशमुख केंब्रिजात पहिला हिवाळा काढत होते, तेव्हा विनोबांनी बडोद्यात आपले शाळेचे दाखले चुलीत घातले. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, सुरतला उतरले आणि काशीला गेले. दोघांच्या गावांत एका दिवसाच्या बैलगाडीपेक्षा फार अंतर नसेल. दोघांचंही संस्कृत उत्तम. आपल्याकडे या दोन वाटांपैकी एकीचं कौतुक करायचं म्हणजे दुसरीला नावं ठेवायची अशी खोड आहे. मला दोघांच्या आयांचं कुतूहल वाटतं. मुलगा काशीला असो वा केंब्रिजला, पत्राची वाट दोघींनाही सारखीच बघावी लागली असेल.

देशमुखांच्या रुळण्याची खरी परीक्षा केंब्रिजनंतर झाली. १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनला होते. देशमुख त्यांना भेटले. नोकरी सोडून देशकार्याला लागावं का, असा प्रश्न त्यांच्या मनात होता; टिळकांनी सल्ला दिला की नोकरी करा, राज्य चालवण्याचा अनुभव उद्या स्वतंत्र देशाला लागेल. बोसांनी दोन वर्षांनी उलट केलं, आयसीएस मिळवून राजीनामा दिला. दोघेही तिथे भारतीय म्हणून रुळले, आणि दोघांनी त्या रुळण्याचं वेगवेगळं केलं. देशमुखांनी १९५६ मध्ये राजीनामा दिलाच, पण अर्थमंत्रिपदाचा, मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून. तेव्हा ते कुलाबा मतदारसंघातून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून निवडून गेलेले खासदार होते. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा, संस्कृतात कविता लिहिणारा हा माणूस. केंब्रिजने त्याच्यातलं काय पुसलं, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं ‘काही नाही’ असं आहे.

त्यांच्या पहिल्या लग्नाबद्दल मात्र शाळेतल्या भाषणात कुणी बोलत नाही. इंग्लंडमध्येच त्यांनी रोझिना या इंग्रज तरुणीशी लग्न केलं. त्यांना एक मुलगी झाली. देशमुख मध्य प्रांतात अधिकारी म्हणून आले. आता रुळण्याची पाळी रोझिनाची होती. जिल्ह्याच्या ठिकाणचं गोऱ्यांचं जग म्हणजे क्लब, आणि बहुतेक क्लबांत भारतीय अधिकाऱ्याला, मग तो परीक्षेत पहिला का आलेला असेना, दार बंद. काळ्या नवऱ्याची गोरी बायको तिथे कुठे बसणार? आणि कोकणातल्या सासरी? नवऱ्याला केंब्रिजात बाकावर शेजारी तरी होता. रोझिना १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये वारल्या. रिझर्व्ह बँकेतून देशमुख बाहेर पडले ते साल तेच. १९५३ मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं, आणि लोकांच्या लक्षात तेच राहिलं.

‘एक्स्चेंज’ म्हणजे अदलाबदल. १९१५ मध्ये अदलाबदल नव्हती. आपली मुलं तिकडे जायची, त्यांची मुलं इकडे यायची ती राज्य करायला. रामानुजनांच्या बदल्यात ट्रिनिटीचा कुणी मुलगा कुंभकोणमला पिंपाखाली बसून सांबार-भात खायला शिकला नाही. ही दुतर्फा वाट सरकारी पातळीवर उघडली स्वातंत्र्यानंतर. १९५० च्या फेब्रुवारीत फुलब्राइट करारावर नेहरूंची सही झाली. १९५१ मध्ये, देशात धान्याची टंचाई असताना, अमेरिकेने गहू घेण्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. त्या कायद्यात एक कलम होतं: व्याजातले पहिले ५० लाख डॉलर शैक्षणिक देवाणघेवाणीवर खर्च करायचे. त्यातून भारतीय विद्यापीठांना पुस्तकं आली, माणसं गेली आणि आली. गव्हाच्या कर्जाचं व्याज! तेव्हा अर्थमंत्री होते रोह्याचे देशमुख. नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

माझ्या वेळेला मात्र खरंच अदलाबदल होती. मी परतल्यावर दोन महिन्यांनी माझ्याच वसतिगृहातली एक मुलगी मुंबईला शिकायला आली आणि जानेवारीत आमच्याकडे राहायला. पोपटीचे दिवस होते. पेणच्या आमच्या घरी ती पाहुणी होती, म्हणजे आई तिला हलू देईना. ताट समोर, पाणी समोर, पोहे-पापडाचा डबा बॅगेत. ती हसायची, ‘थँक यू’ म्हणायची, आणि दुपारी गच्चीवर जाऊन एकटी फोन बघत बसायची. मला ते दार लावलेल्या खोलीसारखंच दिसत होतं.

मग आम्ही रोह्याला आजीकडे गेलो. आजीला इंग्रजी येत नाही आणि पाहुण्यांना बसवून ठेवायची तिला सवय नाही. दुसऱ्या दिवशी बिरडं करायचं होतं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात भिजलेले. आजीने परात तिच्यापुढे सरकवली, एक दाणा बोटांत धरून दाबून दाखवला: साल एकीकडे, डाळिंबी एकीकडे. दाबायचं किती, हे सांगून कळत नाही. जास्त दाबलं की डाळिंबीचे दोन तुकडे होतात. पहिली वीसेक फुटली. आजी मराठीत ओरडली, ती जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटली. तासाभराने दोघी एकमेकींकडे न बघता सोलत होत्या, आणि आजी तिला शेजारच्या घरातल्या भांडणाची पूर्ण हकीकत सांगत होती.